मॅनेजरने हलवलेला बसथांबा

प्रिय आईस, तुझ्या धाकटीचा नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? माझे बरे आहेत, चढावर थोडे कुरकुरतात इतकंच.

मागे लिहिलं होतं ना, आमच्या मॅनेजरने हॉटेलसमोरचा बसथांबा हलवून पार उताराखाली नेला? घामेजलेली माणसं दारात उतरली की पाहुण्यांना बरं दिसत नाही म्हणे! तेव्हापासून खोल्या आवरायच्या आधीच आम्ही अर्धमेल्या होतो.

काल मेल्याची गाडी बंद पडली आणि स्वारी आमच्या बसमध्ये चढली. हॉटेल दिसताच ओरडला, "थांबवा, थांबवा!"

कंडक्टर गोड आवाजात म्हणाला, "साहेब, इथला थांबा तुम्हीच उठवलात."

सगळे खिडकीबाहेर बघत हसू गिळत होते.

खाली उतरल्यावर त्याने मला विचारलं, "बाई, जवळची वाट आहे का?"

आहे ना, आई. लाँड्रीमागून वर पायऱ्या जातात. पण मी म्हटलं, "छे हो साहेब, हाच एक रस्ता." तो वळणाआड गेला आणि मी पायऱ्या धरल्या.

वरच्या खोलीत चादर झटकताना खिडकीतून पाहिलं. कोट हातावर, शर्ट अंगाला चिकटलेला, दर खांबाला टेकत येत होता. जीव असा गार झाला म्हणून सांगू!

बाबांना वाचून दाखव. ते जेवतात ना नीट?

आणि नोकरीची काळजी करू नकोस. रोज त्याची केबिन मीच झाडते, पण त्याने अजून माझ्या तोंडाकडे पाहिलेलं नाही.

तुझीच,
धाकटी