घरात माणसं आहेत

३ फेब्रुवारी
खालच्या मजल्यावर चोरी झाली. दिवसाढवळ्या. घरचे लोक लग्नाला गेले होते आणि जिन्यात भेटेल त्याला सांगून गेले होते. मग दुसरं काय होणार? आपल्याकडे हे शक्य नाही. ऑफिसात स्टोअर्स माझ्या ताब्यात आहे. इतक्या वर्षांत एक पेन्सिल इकडची तिकडे झालेली नाही. (टेबलफॅन गेला, पण तो अकाउंट्सवाल्यांनी नेला.)
संकल्प: घर असं करायचं की चोराने बघावं आणि धंदा बदलावा.

४ फेब्रुवारी
मुलीचा फोन. नात महिन्याची होत आली. मी आजोबा झालोय, पण अजून फक्त फोटोत. ही म्हणाली, रविवारी निघायचंच. मी म्हणालो, बंदोबस्त झाला की लगेच. ही म्हणाली, घरात चोरण्यासारखं आहे तरी काय? हा प्रश्न चोराने विचारावा. घरच्या माणसाने विचारला की लागतो.

७ फेब्रुवारी
दाराला तिसरं कुलूप बसवलं. स्वतः. बाहेरचा माणूस बोलावला की त्याला आपलं कुलूप कळतं. भोक जरा मोठं पडलं. त्यातून जिना दिसतो. म्हणजे टेहळणीचीही सोय झाली.

९ फेब्रुवारी, रविवार
गेलो नाही. गॅलरीचं ग्रिल बाकी होतं. ही भरलेली बॅग दाराशी ठेवून दिवसभर शेजारी बसली. एक शब्द बोलली नाही. त्या शांततेत काम झपाट्याने झालं. ग्रिलला न वाळणारा रंग दिलाय. चोराच्या हातांचे ठसे उमटतील. सध्या माझे आहेत. सोफ्यावरही आहेत.

११ फेब्रुवारी
मास्टरस्ट्रोक सुचला! चोर आधी दाराला कान लावतो. आत माणसं बोलताना ऐकली की मुकाट्याने परत जातो. पण टीव्हीचा आवाज त्याला ओळखता येतो. खरा संसार ऐकू आला पाहिजे. तेव्हा आपलंच बोलणं रेकॉर्ड करायचं आणि रोज संध्याकाळी सातला आपोआप लावायचं. माझ्या मोबाइलला हे जमत नाही, हिच्याला जमतं. ही म्हणाली, घ्या तो, ठेवा इथेच, पण मला एकदाचं तिकडे न्या.

१३ फेब्रुवारी
रेकॉर्डिंग झालं. हिला म्हणालो, नेहमीसारखं बोल. ही म्हणाली, नेहमीसारखं? आणि सुटली. माझ्या आईपासून सुरुवात केली ती ग्रिलपर्यंत आली. मी मधे दोनदा 'बरं' म्हणालो. माझा आवाज भारदस्त आलाय.
बाहेर कसं ऐकू येतं ते बघायला जिन्यात गेलो आणि सवयीने तिसरं कुलूप लावलं. मग ते उघडेना. ही आतून दार बडवायला लागली. उघडा हो, किती दिवस कोंडून ठेवणार, मला माझ्या नातीकडे जायचंय! शेवटी तेल घातलं तेव्हा उघडलं.
हे सगळं रेकॉर्ड झालंय. शेवटचा भाग काढून टाकणार होतो, पण ऐकला आणि हात थांबला. इतकं नैसर्गिक नटांनाही जमत नाही. ठेवलाय.

१६ फेब्रुवारी, रविवार
निघालो! चपला हातात घेऊन जिना उतरलो. धोरण: संपूर्ण गुप्तता. समोरच्या काकूंना सांगितलं नाही. त्यांना सांगणं म्हणजे पेपरात देणं. मेहुणा दोन गल्ल्या सोडून राहतो. त्यालाही नाही. हिचा मोबाइल घरी ड्यूटीवर आहे. माझा बंद ठेवलाय. फोनवरून माणूस कुठे आहे ते कळतं म्हणे.

१८ फेब्रुवारी
नात माझ्यावर गेली आहे. मूठ घट्ट आवळून झोपते. ही तिला मांडीवरून खाली ठेवत नाही. हिला इतकं हसताना कधी पाहिलं होतं, आठवेना. संध्याकाळी सात वाजता मी मनातल्या मनात चोराला नमस्कार केला.

१९ फेब्रुवारी
मेहुण्याचा फोन आला. जावयाच्या फोनवर. 
झालं असं. काकूंनी पहिल्या संध्याकाळी आमचं भांडण ऐकलं. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तेच, शब्दान् शब्द. त्यांना काही वेगळं वाटलं नाही. त्यांच्या मते आमच्याकडे नेहमी तेच असतं. काल मात्र 'कोंडून ठेवणार' कानात शिरलं. त्यांनी दाराशी जाऊन विचारलं, ताई, बऱ्या आहात ना? आतून हिने सांगितलं, उघडा हो!
काकूंनी मेहुण्याला बोलावलं. त्याने हिला फोन लावला. तो आतच वाजला, आणि ही बोलायची एकदम थांबली. माझा फोन बंद. मग त्याने, खालच्या मजल्यावरच्यांनी आणि वॉचमनने मिळून दार तोडलं.
नोंद करण्यासारखी गोष्ट: तिन्ही कुलपं जागची हलली नाहीत. दार चौकटीसकट निघालं. हे मेहुण्यानेही मान्य केलं. बाकी तो जे बोलला ते इथे लिहीत नाही.
मी हिला म्हणालो, ताबडतोब निघायला हवं. ही नातीची दुपटी घड्या करत होती. म्हणाली, निघा. बॅग भरताना लक्षात आलं, ती एकच बॅग भरून देत होती. माझी.

२१ फेब्रुवारी
घरी पोचलो. मेहुण्याने दाराच्या जागी चादर टांगली होती आणि तोडलेलं दार जिन्यात उभं केलं होतं. आणि चोरी झालेली! टीव्ही, मिक्सर, कपाट, सगळं जागेवर. मोबाइलही. (त्याने तो ऐकला असावा.) गेलं काय? दारावरची तिन्ही कुलपं. स्क्रू काढून, व्यवस्थित. माणूस पारखी दिसतो. घरात नेण्यासारखं काय आहे, ते त्याला कळलं. हिला सांगायचं नाही.

२३ फेब्रुवारी, संध्याकाळी
सुतार म्हणतो, पुढच्या आठवड्यात बघू. रजा टाकून चादरीच्या आत खुर्चीवर बसून आहे. बाहेर पडता येत नाही. आज रविवार. जावयाच्या फोनवर हिला विचारलं, कधी येणार? ही म्हणाली, बाळ रांगायला लागू दे. घर राखायला तुम्ही आहातच की. मागून नातीचा आवाज आला, मग हिचं हसणं, मग फोन ठेवला. माझ्यावर विश्वास आहे तिचा.
सात वाजले. मोबाइल आपोआप सुरू झाला. बंद करायला उठलो, पण ही माझ्या आईपर्यंत पोचली होती, म्हणून परत बसलो. ग्रिलपर्यंत सगळं ऐकलं. दोनदा 'बरं' म्हणालो. शेवटी तिने दार बडवलं. उघडा हो.
मी चादर बाजूला केली. म्हणालो, अगं, उघडंच आहे.