आधी कोण पडला

१२ जून
ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

मी कोरीवकाम करतो तिथल्या मालकांनी दगड दिला. दंगलीत आमचा दादा आणि तुझा लेक समोरासमोरच्या जमावांत होते आणि एकाच दुपारी पुलाशी मारले गेले, तिथेच हा दगड बसवायचा. एका दगडावर दोघांची नावं आणि शेजारी तुम्ही दोघी बहिणी, एवढंच मला हवं आहे. अक्षरं तीनदा आखली. मालक म्हणतात, वेलांटीला घाबरणारा कारागीर म्हणजे पाण्याला घाबरणारा मासा.

आई यायला तयार आहे. फक्त दादाचं नाव वर घाल म्हणते, कारण तो आधी पडला. आधी गेलेला नंतरच्याला मारू शकत नाही, हे लोकांना कळू दे म्हणते.

लोभ आहे, तो सांभाळावा.
तुझा भाचा

१९ जून
चि. भाच्यास अ. आ.

अक्षर पाहून बरं वाटलं. माझ्या लेकाचं म्हणजे कोंबडीचे पाय!

बाळा, ताईचा आधी पडला, तर माझा तेव्हा उभा होता. मग मारलं कोणी, ते दगडच सांगेल. माझ्याचं नाव वर घाल. बाकीच्या आया लेकरांसाठी आयुष्य मागतात. आम्ही दोघी ते कमी करून मागतोय.

जपून राहा, माया आहेच.
मावशी

२ जुलै
ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

नावं शेजारी घालू म्हणालो, तर आई म्हणाली, वाचणारा एका टोकानेच सुरू करतो. गोलात घालू म्हणालो, तर म्हणाली, तुझंच डोकं गरगरतंय. शेवटी दोघांचं शवविच्छेदन केलेल्या डॉक्टरांना विचारलं. आधी कोण गेलं, ते सांगता येणार नाही म्हणाले. मला वाटलं, सुटलो! आई म्हणाली, डॉक्टर त्यांच्यातला असेल.

तू तरी मान्य कर. आईला मी ओढत आणतो.

राग धरू नये.
तुझा भाचा

९ जुलै
चि. भाच्यास अ. आ.

इथे सगळे म्हणतात, डॉक्टर तुमच्यातला. मीही तेच म्हणते. लेकाच्या फोटोसमोर बसून मला दोन घास गिळायचे असतात रे.

दगड मधून कापता येत असेल तर काप.

मावशी

२० जुलै
ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

कापला. तुझा अर्धा ट्रकने येतोय. कडा ठिसूळ आहेत, अलगद उतरवायला सांग.

आईचा अर्धा काल पुलाशी बसवला. आता त्यावर एकच नाव आहे. एका वाटसरूने ते वाचून विचारलं, याला कोणी मारलं? आईने पुलापलीकडे, तुमच्या बाजूला, बोट दाखवलं.

तुलाही कोणी विचारेल. मावशी, हात तेवढा खाली ठेव.

तुझाच,
भाचा