दुसरा कप

कोल्हापूर, १२ जानेवारी २०२४

चि. उमर यास आपाचा सलाम आणि दुआ.

फोनवर तूच बोलत राहतोस, म्हणून पत्र लिहितेय. यात तुला मधे तोंड घालता येत नाही.

तुझे दुलाभाई, म्हणजे आमचे मालक, गेल्यापासून त्यांचं शुगरचं मशीन कपाटात पडून होतं. नव्या पट्ट्या आणून माझी शुगर बघितली. चाळीस! आपल्या खानदानात एवढी कमी कुणाची ऐकलीस? शेजारची सोनूबाई विचारायला आली, काय खाता म्हणून. कारल्याचा रस, म्हटलं. आता सगळी गल्ली कारली आणते.

पहाटे घाम येतो, हात थरथरतात, एवढंच. तेव्हा मालक समोरच्या खुर्चीत बसलेले असतात आणि बिनसाखरेच्या चहाला नावं ठेवतात. मी दोन कप चहा करते. ते आता नाहीत हे पोटात भाकरी गेल्यावर आठवतं. मदिहाला सांगू नकोस. लेकीला उगाच घोर.

यंत्रमागावरून सवड काढून ये. माया कमी करू नकोस.

तुझी आपा,
शहाजादी


कबनूर, १७ जानेवारी

ती. आपास उमरचा सलाम. वि. वि.

मदिहाला सांगू नको म्हणालीस, म्हणून आधी तिलाच सांगितलं. ती माझ्यावरच ओरडली, मामू, चाळीस म्हणजे बक्षीस न्हाय, माणूस बेशुद्ध पडतंय! मी इथं कारखानाभर तुझं कौतुक सांगत फिरत होतो. आपल्यात शुगर चढतीच, उतरती हे कुणाला ठाऊक?

कारलं बंद कर, साखर जवळ ठेव. मदिहा येतीय, तिच्याबरोबर गुमान दवाखान्यात जा. दुलाभाई दिसले तर आधी साखर तोंडात टाक, मग माझा सलाम सांग.

रागावलीस तरी चालेल, पण जगून रागव.

उमर


कोल्हापूर, ५ फेब्रुवारी

चि. उमर यास दुआ.

तपासणीत छातीत नारळाएवढी गाठ सापडली. तीच रक्तातली साखर पळवते, असं डॉक्टर म्हणाले. मी इतके दिवस मान कारल्याला देत होते. जिना चढताना दम लागायचा, त्याचा दोष वयाला.

गाठ काढली की साखर जागेवर येईल. ऑपरेशन अवघड आहे. नाही केलं तर एखाद्या सकाळी मी उठणार नाही. सहीला मी थोडी मुदत मागितली. मदिहाला वाटतं मी घाबरले. तसं नाही. साखर जागेवर आली की मालक यायचे बंद होतील ना, हे डॉक्टरांना विचारायची लाज वाटली.

तू सांग, काय करू. लहान असलास तरी भाऊ आहेस.

आपा


कबनूर, ८ फेब्रुवारी

ती. आपास सलाम.

सही कर. तू तिकडं गेलीस तर दुलाभाईंच्या नशिबी पुन्हा फिकाच चहा. सारा जन्म पिलाय त्यांनी, त्यांना जरा सुट्टी दे की.

मी उद्या येतोय. माग बंद राहू देत.

उमर


कोल्हापूर, २० एप्रिल

चि. उमर यास दुआ.

टाके सुकले. शुगर जागेवर आहे, त्यामुळे गल्लीत मला आता कुणी विचारत नाही. सोनूबाई तेवढी अजून रस पिते आणि तोंड वाकडं करते.

सकाळी डोकं स्वच्छ असतं. समोरची खुर्ची रिकामी आहे हे उठल्या उठल्या कळतं.

चहा मात्र दोन कप करते. त्यांच्या कपात आता साखर घालते, चांगली दोन चमचे. थोडा वेळ तसाच ठेवते. गार व्हायला लागला की मीच पिते.

तू येशील तेव्हा तिसरा ठेवीन.

तुझी आपा