पुन्हा बसायची सोय

शुक्र., १० जाने.
आज पहिल्यांदा महेशबरोबर सरांकडे पोकरला गेले. सर म्हणजे याच्या अहमदीच्या ऑफिसातले मॅनेजर. घर आमच्याच बनेद अल-गारमध्ये, समुद्राच्या बाजूला. जेवणं झाल्यावर पडदे ओढले, फोन सगळ्यांचे आतल्या खोलीत. इथे आखातात पैशाचे पत्ते म्हणजे सापडलं तर सरळ विमानतळ, कायमचं घरी. तरी सगळे हसत होते. मला हसू येईना.

खेळ 'रीबाय'चा. पहिल्या तासात पैशांच्या चकत्या संपल्या तर पुन्हा पैसे भरून बसायचं. तास संपला की हरलेला उठला. सगळे पैसे एकत्र, शेवटी उरेल त्याचे.
मी दुसऱ्याच डावात साफ. पुन्हा बसले. नाहीतर सरांच्या बायकोबरोबर फळं चिरत बसले असते. सोय चांगली आहे, नवख्याला शिकता येतं.
सर जिंकले.

शनि., ११ जाने.
सोयीची दुसरी बाजू आज भांडी घासताना सुचली. पुन्हा बसता येतं म्हणून माणूस वेड्यासारखा खेळतो. महेश काल तीनदा साफ झाला. जमियामध्ये, इथल्या सहकारी दुकानात, टोमॅटोचे भाव बघून पिशवी परत ठेवणारा माणूस! आणि तिन्ही वेळा हरला सरांशीच. योगायोग असेल.
इरा विचारते, "आई, बाबा लॉस्ट अगेन?" अगेन? म्हणजे मी नसतानाही.

शुक्र., १७ जाने.
इराला खाली सलीमभाईंकडे सोडलं. सलीमभाई श्रीवर्धनचे, म.च्याच सेक्शनमध्ये, रोज एकाच गाडीतून जातात दोघं. त्यांना सरांनी बोलावलं होतं म्हणे एकदा. "भाभी, आपल्याला हराम आहे," एवढंच बोलले. रुखसानानं इराला लगेच जेवायला बसवलं.

सरांकडे. म. आणि सर समोरासमोर. मध्ये सगळ्यांसाठीचे पत्ते उघडे, त्यात एक राजा. सरांनी चकत्यांचा ढीग पुढे सारला. म.नं बराच विचार केल्यासारखं केलं, पत्ते पालथे टाकले. "तुमचंच सर." सरांनी हौसेनं आपले दाखवले. नुसती दश्श्यांची जोडी.
पिसायची पाळी माझी होती. गोळा करताना म.चे दोन पत्ते हळूच वर करून पाहिले.
राजा. राजा.
मधला धरून तीन. जिंकलेला हात टाकून दिला! पुढच्या डावात उरलेल्याही चकत्या सरांकडे घालवल्या आणि खिशात हात घातला: "सर, अजून एकदा बसतो."
माझ्याकडे न बघता नव्या चकत्या मोजून घेतल्या.

रवि., १९ जाने.
शेवटी आज विचारलं.
"तीन राजे होते तुझ्याकडे."
"पत्ते बघितलेस माझे? असं करतात का कोणी?"
"का टाकलेस?"
"खेळ आहे तो. कधी वाटतं, टाकतो."
मग टीव्हीचा आवाज वाढवला.
पाकीट हातात दिलं तर लाच. पत्त्यात हरलं तर दिलदारपणा. आणि या खेळात हवं तितक्यांदा हरता येतं, कोणी विचारत नाही. पण म.ला सरांकडून हवंय काय? पगारवाढ? तेवढ्यासाठी हा असं करणार नाही. निदान मला असं वाटतं...

मंगळ., २८ जाने.
कळलं.
सेक्शनमधली एक जागा कमी झाली. म. किंवा सलीमभाई, दोघांतला एक जाणार हे महिनाभर ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. मला सोडून.
सलीमभाईंना नोटीस मिळाली.
संध्याकाळी खाली गेले. रुखसाना डाळ निवडत होती, मान वर केली नाही. सलीमभाईच बोलले, "दुसऱ्या कंपनीवर इकामा ट्रान्सफर होतो का बघतोय, भाभी. नाहीतर राहायचा परवाना संपला की गावी. महेशभाईंचं वाचलं ते बरं झालं." टोमणा होता का? चेहऱ्यावर तरी नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.
म.ला म्हटलं, "सलीमभाईंना ठाऊक आहे का, तू शुक्रवारी काय करतोस?"
"त्याचं आधीच ठरलं होतं. माझ्या हरण्याचा काही संबंध नाही."
"मग हरत कशाला होतास?"
उठून आत गेला. जेवला नाही.

शुक्र., ७ फेब्रु.
म. म्हणाला, येऊ नकोस. गेले.
जपून खेळले, एकदाही पुन्हा पैसे भरले नाहीत. तास संपला. आता हरणारा कायमचा उठणार. एकेक करत सगळे उठले, म.सुद्धा बाद झाला, पण माझ्या शेजारीच बसून राहिला. शेवटी सर आणि मी.
माझ्या हातात एक्क्यांची जोडी. मध्ये तिसरा एक्का पडला. सरांनी सगळ्या चकत्या पुढे ढकलल्या, माझ्यापेक्षा कमीच होत्या. "बघा वहिनी, विचार करा."
टेबलाखाली म.नं माझा पाय दाबला. जोरात.
मी चकत्या पुढे सारल्या, पत्ते उघडले.
सरांकडे नुसत्या दोन जोड्या. मी जिंकले. मग सर हसले, "वहिनी, महेशनं तुम्हाला चांगलं शिकवलं. स्वतः मात्र शिकला नाही."
"त्याला येतं, सर. चांगलं येतं," मी म्हटलं.
सरांनी म.कडे पाहिलं. म.नं टेबलाकडे.
परत येताना कॉर्निशवर, समुद्राकाठच्या रस्त्यावर, बोचरा वारा. दोघं दोन बाजूंनी चाललो.

शनि., ८ फेब्रु.
दुपारी सरांचा मेसेज. 'उद्या आल्याआल्या केबिनमध्ये भेट.' बाकी काही नाही. इथे कामाचा आठवडा रविवारी सुरू होतो. म.नं तो मला दाखवला आणि फोन पालथा ठेवला.
आता शर्टाला इस्त्री करतोय. इतका वेळ एकाच बाहीवर.
मघाशी म्हणाला, "तू पत्ते टाकले असतेस तर सलीम परत कामावर आला असता का?"
नसता, मी म्हटलं.
"मग जिंकलीस कशाला?"
कालपर्यंत याचं उत्तर माझ्याकडे होतं.