भिंतीवर लावायच्या फोटोबाबत

मी, धूपछाव फोटो स्टुडिओचा मालक, वय एकोणपन्नास, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे, कोणाची जबरदस्ती नाही. पुढच्या आठवड्यात हृदयाची झडप बदलायची आहे. देवाने परत पाठवलं तर हा कागद फाडेन.

धूपछाव हे नाव मला गावच्या शाळेत मास्तरांनी ठेवलं. बाबा गावातले, गोरे, घाऱ्या डोळ्यांचे. आईचे लोक समुद्रापलीकडून येऊन बंदरावर स्थिरावलेले, काळेभोर, दाट कुरळ्या केसांचे. मी दोघांचा. पुढचं समजायला एवढं पुरे.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक पत्नीला. मी कोणाकडचा, हे तिने कधी विचारलं नाही. "जेवायला वेळेवर येता ना, मग झालं," म्हणते.

२. स्टुडिओ आणि डार्करूम मुलीला. छपाई ती माझ्यापेक्षा बरी करते. गिऱ्हाईक "जरा उजळ करा" म्हणालं तर करावं की नाही, हे तिचं तिने ठरवावं. मी जन्मभर केलं, आणि दर वेळी कोणाचं तरी काही लपवल्यासारखं वाटलं.

३. माझी काळी छत्री आत्याला. लहानपणी तिच्या अंगणात पाऊल टाकलं की आत्या माझ्या हातात छत्री द्यायची. "उन्हात भटकू नकोस रे, आईने दिलंय तेवढं पुरे नाही का?" आत्या आता थकली आहे, तिला ऊन सोसत नाही. छत्री रागाने देत नाही. थोड्याच रागाने देतो.

४. कपाटातले दोन जुने फोटो. मी लहान असताना आई-बाबांबरोबर काढलेला फोटो खरा एकच. पण फोटोवाल्याने शहाणपणा करून दोन प्रती छापल्या. कागदाला उजेड कमी दिला की चेहरा गोरा उतरतो, जास्त दिला की काळवंडतो. गोरी प्रत आत्याकडे गेली, काळी मामाकडे. आत्या म्हणायची, "फोटोत कसा आमचा दिसतोस!" मामाच्या घरी आजी तिथला फोटो माझ्या गालाशी धरून म्हणायची, "यातला आपला. हा समोरचा मात्र पिठाच्या डब्यात पडलेला!" सगळे हसायचे, मीही हसायचो. दोन्ही घरांत कौतुक व्हायचं, पण भिंतीवरच्या मुलाचं. पुढे दोन्ही प्रती मी मागून आणल्या. मुलीने त्या शेजारी-शेजारी ठेवाव्यात. एकही फाडू नये.

५. आई बसून प्रार्थना करायची, बाबा उभ्याने. मी बसून सुरू करतो आणि उभा राहून संपवतो. मला कोणाच्या पद्धतीने निरोप द्यायचा, ते ठरवता आलेलं नाही. इतकी वर्षं देवाने चालवून घेतलं, पुढेही घेईल.

६. माझ्यामागे भिंतीवर लावायचा फोटो. यावरून दोन्हीकडचे भांडणार, हे ठाऊक आहे. म्हणून मुलीने माझा नवा फोटो काढला आणि छापायला मी बसलो. पाकीटभर कागद वाया घालवले. एकात आत्याकडचा, एकात मामाकडचा, मधल्यांत कोणी परकाच. शेवटी मुलगी म्हणाली, "सरका बाबा. तुम्ही आरशात बघता, मी तुम्हाला बघते." तिने एकदाच छापला आणि पाकिटात घातला. मी तो पाहिलेला नाही. तोच लावावा.

७. साक्षीदाराला काही देता येत नाही, असं वकील म्हणाले. म्हणून मुद्दाम आतेभाऊ आणि मामेभाऊ यांना बोलावलं. दोघे आज पहिल्यांदाच एका बाकावर बसले आहेत. मुलीने आत्ता त्यांना पाकिटातला फोटो दाखवला.

आतेभाऊ बराच वेळ पाहून म्हणाला, "ही तर थेट आमची मामी." म्हणजे माझी आई.

मामेभावाने फोटो ओढून घेतला. "काहीतरीच! अहो, हे साक्षात आतोबा बसलेत." म्हणजे माझे बाबा.

"डोळे तपासून घ्या."

"तुम्ही आधी चष्मा पुसा."

वाद अजून चालू आहे. मला एकमेकांकडे ढकलताहेत की एकमेकांना देताहेत, कळत नाही. मुलगी तोंडावर हात धरून हसते आहे. फोटो टेबलावर पालथा ठेवला आहे, माझ्या हातापासून वीतभर. आधी सही करतो, मग बघतो.

ठिकाण: स्टुडिओची पुढची खोली
दिनांक: ११ नोव्हेंबर

(सही) धूपछाव

यांनी आमच्यासमोर सही केली आणि आम्ही दोघांनी एकमेकांसमोर केली.

साक्षीदार:
(सही) आतेभाऊ, बसचालक
(सही) मामेभाऊ, बंदरावरचा क्रेनचालक