चार स्क्रू

सोमवार, ४ मार्च

टकळीला गाडी हवी आहे. जुनी, स्वस्त, पण दगा न देणारी! मी म्हटलं, या तीन गोष्टी एका गाडीत सापडत नाहीत. तर म्हणते, "म्हणूनच तर तुम्हाला विचारतेय ना काका!"

टकळी म्हणजे आमच्या मीटर तपासणी खोलीत माझ्या समोरच्या टेबलावर बसणारी. लोकांच्या घरून उतरवून आणलेले विजेचे मीटर मी भिंगाखाली बघतो — कोणी उघडलाय का, आकडे फिरवलेत का. जे निर्दोष ठरतात त्यांना ती नवं सील लावते. दिवसभर तोंड चालू, म्हणून टकळी. तिचे बाबा मात्र गप्प झालेत. जन्मभर ट्रक चालवलेला माणूस. दोन महिन्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. आठवड्यातून तीनदा व्यायामाच्या दवाखान्यात न्यायचं असतं आणि टॅक्सीवाले चाकाची खुर्ची दिसली की पुढे निघून जातात. निम्म्या फेऱ्या बुडतात. डॉक्टर म्हणाले आहेत, पहिल्या सहा महिन्यांत हातपाय जेवढे परत येतील तेवढेच. मी नेलं असतं, पण साहेब दुपारी दोघांना एकदम सोडत नाहीत.

सकाळी तिला माझ्याच गाडीतून आणतो. आज म्हणाली, "तुमच्यासारखीच एखादी बघा. घड्याळसुद्धा कधी चुकत नाही हिचं!"

घड्याळ चुकत नाही, खरं आहे. बाकीचं तिला सांगितलं नाही. ही गाडी नऊ वर्षांपूर्वी धाकट्याकडून घेतली. घरी आणून बघतो तर समोरच्या मीटरच्या पट्टीचे चारही स्क्रू कोणीतरी खोललेले! आणि गाडी तर पहिल्यापासून त्याच्याचकडे. सख्ख्या भावाने किलोमीटर मागे फिरवून मलाच गाडी विकली. भांडलो नाही. बोलणंच सोडलं.

रविवार, १० मार्च

पहिली गाडी. लाल, चकचकीत. दलाल इतका गोड की दाढ किडावी! "ताई, घरच्यासारखं समजा." आत अत्तराचा भपकारा. का? मी ड्रायव्हरच्या सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून बाहेर काढला. टोकाला चिखलाची वाळलेली रेघ. गाडी गळ्यापर्यंत पाण्यात बुडून आलेली!

दलालाचं तोंड पाहण्यासारखं झालं. टकळी वाटभर माझी तारीफ करत होती. बरं वाटलं, का नाही वाटणार?

गुरुवार, १४ मार्च

बाबांच्या दोन फेऱ्या बुडाल्या. लवकर बघायला हवी गाडी.

रविवार, १७ मार्च

दुसरी. मीटरवर अडतीस हजार किलोमीटर, आणि ब्रेकच्या पायपट्टीचं रबर झिजून गुळगुळीत! म्हणे, "मिसेसची टाच टोकदार." मी म्हटलं, मिसेस काय ब्रेकवर उभी राहून स्वयंपाक करत होती?

घरी हिला सांगितलं. ही हसली. मग म्हणाली, "लग्नाच्या वेळी भिंग घरी विसरला होतात वाटतं!"

रविवार, २४ मार्च

आज थोडक्यात वाचलो.

निवृत्त चित्रकलेचे मास्तर. राखाडी गाडी, एकच मालक. दार मोठं, खुर्चीवरून माणूस सहज आत सरकेल असं. इंजिन शांत. टकळीचा चेहरा तिथेच उजळला. आणि भाव? बाजारापेक्षा बराच कमी! माझ्या मनात लगेच पाल चुकचुकली. विचारलं, इतकी स्वस्त का? म्हणाले, "मला गिऱ्हाईक नकोय. ज्याला गरज आहे अशा माणसाच्या हातात जायला हवी." असं कोणी बोलायला लागलं की मी खिशावर हात ठेवतो.

मास्तरांनी एक जाडजूड फाईल माझ्या हातात दिली. दुरुस्तीच्या पावत्या. कागद काय, कोणीही छापतो. मी ती बाजूला ठेवली आणि भिंग काढलं. मीटरची पट्टी. चारही स्क्रूंच्या खाचा खरवडलेल्या! तीच जागा, तेच चार स्क्रू.

"मास्तर, मीटर उघडलाय."

"हो, उघडलाय. मीच उघडला. त्याचं असं झालं की माझ्या—"

"बास," म्हटलं. "कबूल केलंत, पुढचं ऐकायची गरज नाही."

आतल्या खोलीत रेडिओ चालू होता, तो त्याच वेळी कोणीतरी बंद केला. म्हणजे आत बसून कान देऊन ऐकत होतं कोणी! अख्खं घर सामील. मास्तर लाल झाले. टकळीच्या हातातून किल्ली घेतली, फाईल उचलली आणि दार उघडून उभे राहिले.

परतीच्या वाटेवर टकळी एक शब्द बोलली नाही.

बुधवार, २७ मार्च

टकळी अजून गप्प. खोलीत माश्यांचा आवाज ऐकू येतो. तिच्यासाठी आणखी तीन जाहिराती शोधून ठेवल्या. म्हणाली, "बघू काका." बघू? गरज कोणाला आहे?

मंगळवार, २ एप्रिल

आजपासून माझ्या गाडीतून येणार नाही म्हणाली. "बसने येईन. तुम्हाला उगाच वळसा पडतो." सात वर्षांत वळसा पडला नाही, आजच पडला!

शुक्रवार, ५ एप्रिल

कुठंतरी पाणी मुरतंय. सकाळची बस आठ-वीसच्या आत कधीच येत नाही, आणि ही आठला टेबलावर हजर! फोन आला की बाहेर जाऊन बोलते. दुपारी बाबांना न्यायला निघते ती पुढच्या दाराने नाही, मागच्या फाटकाने. मागे काय आहे? गोदामं आणि एक बंद छापखाना.

मला वाटतं दलालाने गाठलंय तिला. तो लालवालाच असणार. गोड बोलून परस्पर काहीतरी गळ्यात मारतोय.

मंगळवार, ९ एप्रिल

विचारलं सरळ, कोणाच्या नादी लागलीस का? म्हणाली, "नाही हो काका." पण बघितलं सीलच्या डबीकडे. खोटं बोलणारा नेहमी हातातल्या वस्तूकडे बघतो. हे मी साहेबांनासुद्धा शिकवलेलं आहे!

शुक्रवार, १२ एप्रिल

आज संध्याकाळी सुटल्यावर तिच्या मागे गेलो. लिहितानाही लाज वाटते, पण गेलो. तिच्या भल्यासाठी, असं स्वतःला बजावत गेलो.

मागचं फाटक. एक गल्ली. दुसरी गल्ली. बंद छापखान्यासमोर राखाडी गाडी उभी. मास्तरांची! टकळीने पर्समधून किल्ली काढली, वळली आणि मी दिसलो.

तिचा चेहरा कसा झाला ते मला ओळखीचं आहे. मीटर उतरवायला आमची माणसं दारात उभी राहिली की लोकांचे चेहरे तसे होतात, चोरी केलेली असो वा नसो.

"कधी घेतलीस?"

"एक तारखेला."

"आणि इथे लावतेस? दोन गल्ल्या सोडून?"

आधी रडली. मग जी सुटली ती आमची जुनी टकळी. "तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही परत भिंग काढलं असतं! मी परत घाबरले असते! मग बाबांनाच घेऊन गेले मास्तरांकडे. त्यांनी डावा हात इंजिनावर ठेवला, डोळे मिटले, ऐकलं, आणि मान डोलावली. बाबांनी जन्मात दुसरं काय केलंय काका? मला तेवढं पुरलं."

मी विचारलं, आणि ते स्क्रू?

तिने किल्ली फिरवली. मीटरवर आकडे उजळले. इतके लख्ख की रस्त्यावरून वाचता येतील. गाडी मास्तरांच्या बायकोची. त्यांची नजर हळूहळू जात होती, मीटरवरचे आकडे दिसेनासे झाले होते. मास्तरांनी पट्टी खोलून आत मोठा दिवा बसवला. त्यावर त्या आणखी दोन वर्षं चालवू शकल्या. आता काहीच दिसत नाही. त्या दिवशी आतल्या खोलीत त्याच बसल्या होत्या. रेडिओ त्यांनीच बंद केला होता.

फाईलमधल्या प्रत्येक पावतीवर किलोमीटर लिहिलेले आहेत. एकही आकडा मागेपुढे नाही. ती फाईल माझ्या हातात होती. मी उघडलीसुद्धा नाही.

बाबांची या महिन्यात एकही फेरी बुडालेली नाही. उजवा अंगठा हलायला लागलाय. "आठ दिवस आधी घेतली असती तर..." एवढं म्हणून ती थांबली. मला वाईट वाटू नये म्हणून थांबली. आठ दिवस माझ्या शहाणपणात गेले.

शनिवार, १३ एप्रिल

मास्तरांकडे जाऊन आलो. माफी मागितली. मास्तरांनी खुर्ची पुढे सरकवली. बाई म्हणाल्या, "त्यांना वाक्य तरी पुरं करू द्यायचं होतंत." मी मान हलवली. मग लक्षात आलं, त्यांना ती दिसणार नाही. तोंडाने "हो" म्हटलं.

घरी येऊन बराच वेळ गाडीतच बसून राहिलो. ते चार स्क्रू बघत.

रविवार, १४ एप्रिल

धाकट्याला फोन केला. नऊ वर्षांनी. इकडचं तिकडचं काही सुचेना, सरळ विचारलं — मीटरच्या पट्टीचे स्क्रू तू का खोलले होतेस?

मग म्हणाला, "स्क्रू? हां... अरे, घड्याळ बंद पडायचं त्यातलं. बंद घड्याळ तुला चालत नाही ना, म्हणून द्यायच्या आधी खोलून नीट केलं."

आणि मग —

"का रे दादा, परत बंद पडलं का? येऊ का?"