देवांची बदनामी आणि मी

१० मार्च
आजपासून रोजनिशी. वाचणारं कुणी नाही, म्हणजे खरं लिहिता येईल.

सांस्कृतिक मंडळ चालवणाऱ्या मार्केलाने फळ्यावर परिसंवाद लावलाय : 'महाकाव्यातले देव खरे की कवीच्या थापा?' तारीख १२ मे. तो कवी आमच्याच खिओस बेटाचा, असं इथलं शेंबडं पोरसुद्धा सांगतं. त्याच्याविरुद्ध बोलायचं म्हणजे धाडस पाहिजे. ते माझ्याकडे आहे. रुसणारे, बायकोला दम देणारे, लढाईत आपल्या लाडक्यांची बाजू घेणारे, हे काय देव झाले? उभा जन्म कस्टममध्ये काढला, खोटा माल मला लांबून कळतो. नाव देऊन टाकलं.

संकल्प : सबंध महाकाव्य मूळ प्राचीन ग्रीकमधून वाचायचं. रोज पहाटे उठून.

११ मार्च
पहाट फार थंड होती. उद्यापासून.

१४ मार्च
वाचायला बसलो. पहिल्याच सर्गात देवांचा राजा झ्यूस आपल्या बायकोला, हेराला, मारायची धमकी देतो. संतापाने डोळे मिटून घेतले. एव्हान्थिया म्हणते, संताप कसला, घोरत होतास. बायकोला वाङ्मयातलं कळत नाही.
मूळ भाषेचा डोळ्यांवर ताण येतो. सोपं भाषांतर आणावं. मुद्दा भाषेचा नाहीच, देवांचा आहे.

२० मार्च
कॅफेत इसिदोरोसला माझे पॉइंट ऐकवले. कॅप्टन इसिदोरोस. भिंतीला भिंत लागून घर, रोजची कॉफी आणि सोंगट्यांचा डाव बरोबरच. शांतपणे सगळं ऐकलं आणि म्हणाला, "थ्रासो, तुझे देव रुसत नाहीत, भांडत नाहीत, कुणाची बाजू घेत नाहीत. मग दिवसभर करतात काय? कस्टममध्ये नोकरीला होते का?"
सगळा कॅफे हसला. मीही हसलो. मोठ्या मनाने.

२१ मार्च
इसिदोरोसने विरुद्ध बाजूने नाव दिलंय! जहाजावर असताना म्हणे सगळं दोनदा वाचलं. स्वागत आहे. मला बिलकुल राग नाही. त्याच्या टेबलावर ऊन डोळ्यांवर येतं, म्हणून आतल्या टेबलावर बसलो.

२ एप्रिल
आज पाऊस होता. तरी आतच बसलो. सवय मोडू नये.
वाचन : दुसरा सर्ग. झ्यूस एका राजाला खोटं स्वप्न पाठवून फसवतो. धादांत बदनामी! देव असलं कपट करेल?
मार्केला भेटली. सहज बोलता बोलता म्हटलं, इसिदोरोसची तब्येत बरी नसते, घसा बसलाय, त्याला पाचच मिनिटं दे. ती म्हणाली, "पण काका, काल तर ते चांगले ओरडून गात होते." मी म्हटलं, त्यानेच बसला.
घसा बसलेला नाही. पण या वयात बसूही शकतो. याला काळजी म्हणतात.

२८ एप्रिल. ईस्टर
दर ईस्टरला दोन्ही घरांचं कोकरू इसिदोरोसच्या अंगणात, एकाच गजावर फिरतं. यंदा एव्हान्थियाला सांगितलं, आपलं आपण भाजू. त्यात काय कठीण?
दुपारी : बाहेरून कोळसा, आतून कच्चं. मांजर हुंगून निघून गेलं. एव्हान्थियाने ताट उचललं. "मी चालले कॅप्टनकडे. येतोस?" म्हटलं, मला भूक नाही. "बरं. मग बस वर, ढगात."
वर खिडकीशी बसलो. कवी म्हणतो, भाजलेल्या मांसाचा धूर देवांना प्रिय असतो. किती हलकी कल्पना! धूर बरोबर आमच्याच बाजूला येत होता. ओरेगानो जरा जास्त झालाय, लिंबू बेताचं. खिडकी उघडीच ठेवली. हवेसाठी.

१२ मे
परिसंवाद झाला. हॉल गच्च. मी म्हटलं, "देव कधी रुसत नाही," तर हशा. "देव शेजाऱ्याबद्दल मनात अढी धरत नाही," तर त्याहून मोठा हशा. एव्हान्थियाने तोंडात रुमाल कोंबला होता. इतके रंगलेले श्रोते मी आजवर पाहिले नव्हते.
मग इसिदोरोस उठला. कागद जवळ धरला, लांब धरला, शेवटी खिशात घातला. म्हणाला, "पाच मिनिटंसुद्धा नकोत. कवीने देव कुठे पाहिले, मला माहीत नाही. पण त्याचा शेजारी कसा असेल, ते मी शपथेवर सांगतो." आणि बसला.
लोक खुर्च्या बडवत होते.
हात वर करून मतं घेतली. माझ्या बाजूने एक हात वर आला. माझा. वक्त्याचं मत धरत नाहीत म्हणून मार्केलाने तोही खाली करायला लावला.

१५ मे
इसिदोरोस माफी मागायला येईलच. लगेच माफ करायचं नाही. आधी कॉफी पिऊ द्यायची, मग गंभीर व्हायचं, मग माफ.

१७ मे
आला नाही. खिडक्या बंद. भित्रा!

१८ मे
न राहवून एव्हान्थियाला विचारलं. म्हणाली, "अथेन्सला गेलाय. डोळ्यांच्या ऑपरेशनला. एक डोळा गेल्यातच जमा आहे, दुसरा वाचतोय का बघायचं. त्या दिवशी कागद वाचता येईना त्याला, दिसलं नाही तुला?"
मला वाटलं होतं, त्याच्याकडे पॉइंटच नाहीत.
"मला का नाही सांगितलं कुणी?"
"तो स्वतः आला होता सांगायला. दोनदा. तू आतून ओरडलास, सांग मी झोपलोय म्हणून."
हे खरं आहे. मग विचारलं, बरोबर कोण आहे त्याच्या?
"कोण असणार? बायको गेली, मुलगा ऑस्ट्रेलियात."
म्हटलं, हे बघ, माझा राग अजून गेलेला नाही. ती माझे मोजे आणि संत्र्याचा मुरंबा पिशवीत भरत होती. "राग असू दे की. बोटीत बसून कर."

१९ मे. बोटीत
समुद्र खवळलाय. जन्मभर बोटी तपासल्या, पण त्या धक्क्याला बांधलेल्या असायच्या.
इसिदोरोसशी काय बोलायचं ते लिहून काढलं. पहिलं वाक्य माफीचं. लिहिता लिहिता त्यात 'तुझंही चुकलंच' आलं. खोडलं. दुसऱ्यातही आलं. तेही खोडलं. आता फक्त 'अरे इसिदोरोस' एवढंच उरलंय.
शेजारच्या बाईंनी न मागता कागदी पिशवी दिली.
देवांबद्दल माझं काही म्हणणं नाही. रुसके असा, पक्षपाती असा, चालेल. उद्या सकाळी त्याचं ऑपरेशन आहे, तेव्हा तेवढा इसिदोरोसच्या बाजूने पक्षपात करा.
आणि त्याआधी ही बोट हलायची थांबवा.